भोक साधं की आट्याचं?

आपल्या भांडुपच्या गाळ्यात आता प्रोसेस शीट कॉम्प्युटर काढणार म्हणतेस. काढू दे की गं! दोन स्टेशनं पलीकडे विक्रोळीत गोदरेजच्या जिओमेट्रिक कंपनीनं कॅमवर्क्स हे सॉफ्टवेअर वाढवलं. मॉडेलमधली भोकं, खाचा, पॉकेटं ते आपणहून ओळखतं आणि टूलही सुचवतं. पण तो आकार कशासाठी आहे, हे त्याला तूच सांगायचं. मामाचं एवढं लक्षात ठेव.

आधी आटे शोध. एम१० टॅपचं भोक मॉडेलमध्ये बहुतेकदा ८.५ मिमीचं साधंच असतं, आटे वरवर दाखवलेले. स्टेप फाइल करताना तेही गळतात. मग शीटवर ड्रिल येतं, टॅप येतच नाही.

मापाची सूट बघ. १० एच७ म्हणजे भोक १० ते १०.०१५ मिमीच्या आत. मॉडेलमध्ये फक्त १० दिसतं, म्हणून १० चं ड्रिल सुचतं. तिथे ९.८ चं ड्रिल मारून मग रीमर फिरवायचा. गिऱ्हाइकाकडे एपी२४२ स्टेप फाइल माग, तिच्यात टॉलरन्स भरता येतात. तरी ड्रॉइंगशी ताडल्याशिवाय शीट खाली पाठवू नकोस.

पहिलं तोंड तू ठरव. पुढची मापं ज्या तोंडावरून घ्यायची, ते आधी साफ कर. एकमेकांशी जुळणारी भोकं एकाच सेटिंगमध्ये घे. जॉब सोडून पुन्हा बांधला की थोडा फरक पडतोच. आणि व्हाइसचे जबडे मॉडेलमध्ये नसतील, तर टूल त्यांच्यावर आदळेल का, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?

हार्डनिंग आहे का विचार. मॉडेल शेवटचं माप दाखवतं. हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग असेल, तर त्या तोंडांवर माल राखून ठेव. किती, ते ग्राइंडरवाल्याला विचारून लिही.

टूल लायब्ररी आपली भर. रॅकमध्ये नसलेलं टूल शीटवर आलं, तर ऑपरेटर त्याच्या मनानं दुसरं लावतो.

आणि एक. जुना ऑपरेटर एखाद्या जॉबला स्पीड कमी करतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नकोस. कारण विचार. भिंत पातळ असेल, जॉब थरथरत असेल. ते कारण नुसतं वहीत नको, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये नियम म्हणून घाल. मशीनवर केलेली दुरुस्ती त्या जॉबपुरतीच राहते, पुढच्या ऑर्डरला तीच चुकीची शीट पुन्हा निघते.