‘चॅरिटी’ आणि प्रीती
वाचन : १ करिंथ १३

इंग्रजी शास्त्र वाचणाऱ्यांना या अध्यायात एक अडचण येते. १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरात येथे ‘चॅरिटी’ हा शब्द आहे. आपल्या मराठी शास्त्रात ‘प्रीती’ आहे. चॅरिटी म्हणजे तर दानधर्म! मग सर्वस्व गोरगरिबांना वाटले तरी चॅरिटी नसल्यास काही लाभ नाही, असे पौल तिसऱ्या वचनात कसे म्हणतो?

याचा उलगडा शब्दाच्या मुळात आहे. पौलाचा ग्रीक शब्द ‘अगापे’. लॅटिन शास्त्रात त्यासाठी ‘कारितास’ आला आणि त्यावरूनच ‘चॅरिटी’. ‘कारुस’ म्हणजे प्रिय, मोलाचा. ज्याला आपण मोलाचा मानतो त्याच्याविषयीचा जिव्हाळा, हा त्या शब्दाचा गाभा होय. पुढे रोजच्या बोलण्यात जिव्हाळा मागे पडला व दान तेवढे उरले. विल्यम टिंडेल याने १५२६ मध्येच येथे ‘लव्ह’ शब्द योजला होता. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरातही तोच घेण्यात आला.

शब्दाचे जे झाले, तेच आमचेही होते. नाताळात आम्ही विधवेच्या दारी धान्याची पिशवी पोचवतो. पण घटकाभर तिच्याजवळ बसून विचारपूस करतो काय? पिशवी पोचते, प्रीती दाराशीच थांबते.

शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे : आपण ज्यांना देतो, त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? आणि हा प्रश्न आधी आपण स्वतःला विचारू या.