मॅथ्स की एसपी, हे कॉलेजला विचारू नका

अकरावी कॉमर्सला प्रवेश घ्यायला गेलात की एक फॉर्म हातात देतात. पोर्टलवरचा नव्हे. तिथला भाग एक, भाग दोन, पसंतीक्रमाचे रकाने हे सगळं तोवर उरकलेलं असतं. पोर्टलवर कॉलेज आणि शाखा ठरते. विषय ठरतात ते या दुसऱ्या, कॉलेजच्या स्वतःच्या झेरॉक्स फॉर्मवर, रांगेत उभ्या उभ्या, मागचे काका "ताई, जरा आवरा" म्हणत असताना. तळाशी दोन ओळी असतात. मराठी, हिंदी किंवा आयटी, यातल्या एकावर खूण करा. मॅथ्स किंवा एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), एकावर खूण करा. माझ्या लेकीची अकरावी-बारावी आणि आता त्यापुढचं हे वर्षही त्या दुसऱ्या ओळीतल्या खुणेनं खाल्लं.

"तुम्ही आधी चौकशी नव्हती केली?" असं आता ज्याला त्याला विचारावंसं वाटतं. माझ्या मोठ्या नणंदेला तर दर सणाला. केली होती. दहावीची गुणपत्रिका टेबलावर ठेवून केली होती. गणितात तिला ८८ होते. फॉर्म घेणाऱ्या मॅडमना मी सरळ म्हटलं, "हिला पुढे कॉम्प्युटरमध्ये जायचंय, बीएस्सी आयटी म्हणतेय. काय घेऊ?" मॅडमनी गुणपत्रिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग आयटी घ्या की. आणि मॅथ्स कशाला? एसपी घ्या, स्कोअरिंग आहे. मॅथ्सनं पर्सेंटेज खाली येतं, मग रडत येतात मुलं." शेजारच्या टेबलावरच्या सरांनी मान डोलावली. मी पुन्हा विचारलं, "पण आयटीच्या डिग्रीला मॅथ्स लागत नाही ना?" त्यावर मॅडम जे म्हणाल्या ते मला शब्दशः पाठ आहे. "आयटीला आयटी लागतं, मॅडम." मागच्या काकांना हसू आलं. मी सही केली.

एसपी वाईट विषय आहे असं मी म्हणणार नाही. मी पतसंस्थेत काम करते, सभेच्या नोटिसा आणि सभासदांना जाणारी पत्रं माझ्याच टेबलावरून निघतात. लेक घरी भागधारकांना, डिबेंचरधारकांना, ठेवीदारांना पत्रं लिहायचा सराव करायची आणि मी ती तपासायचे. आयटी तर तिला मनापासून आवडलं. एचटीएमएलमध्ये तिनं आमच्या सोसायटीचं पान बनवलं होतं, पाणी कधी येणार याच्या वेळापत्रकासकट. आयटीचा पेपर कॉलेजच्या लॅबमध्ये संगणकावरच होतो, ८० गुणांचा, आणि २० प्रात्यक्षिकाचे. तिला ९५ पडले. एसपीतही नव्वदीच्या वर. कॉलेजनं फाटकाबाहेर फ्लेक्स लावला, त्यावर तिचा फोटो. मॅडम बरोबर होत्या, पर्सेंटेज आलं.

मग आम्ही तो निकाल घेऊन पदवीच्या कॉलेजात गेलो. कागदपत्रं तपासायला एक तरुण मुलगा बसला होता, पोरगेलासाच. त्यानं गुणपत्रिका ओढली आणि बॉलपेनचं टोक एकेका विषयावरून खाली नेलं. इंग्रजी. इकॉनॉमिक्स. बीके. ओसी. एसपी. आयटी. पेन खाली पोचलं आणि पुन्हा वर गेलं. त्याला वाटलं आपल्या नजरेतून सुटलं. दुसऱ्यांदा पेन खाली आल्यावर त्यानं मान वर केली. "मॅथ्स कुठंय?" लेक म्हणाली, "आयटी आहे ना." तो म्हणाला, "आयटी नाही चालत. बारावीला मॅथ्स पाहिजे." आणि त्यानं माहितीपत्रक फिरवून आमच्याकडे केलं. पात्रतेच्या परिच्छेदातली ओळ त्याच्या पेनानं आधीच अधोरेखित केलेली होती. म्हणजे आमच्या आधीही कुणीतरी असंच येऊन गेलं होतं. लेक काही बोलली नाही. तिनं गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवली आणि बटण लावलं. मी मात्र वाद घातला. त्या मुलाशी. त्याचा काय दोष?

खरी आग पुढे लागली. दाखला काढायला आम्ही ज्युनिअर कॉलेजात गेलो तेव्हा ऑफिसातल्या मावशी ओळखीच्या झाल्या होत्या. मी सहज म्हटलं, मॅथ्स घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "घेतलं असतं तरी शिकवायला कोण होतं? त्या साली कॉमर्सच्या मॅथ्सच्या मॅडम जूनमध्येच सोडून गेल्या. नवीन आल्या त्या दिवाळीनंतर, त्यापण तासिका तत्त्वावर." मी क्षणभर काउंटरची कड धरून उभी राहिले. स्कोअरिंग, पर्सेंटेज, रडत येणारी मुलं, सगळं कानात परत वाजलं. विनाअनुदानित तुकडी, मॅथ्सला शिक्षक नाही, म्हणून येईल त्याला एसपीकडे वळवायचं. माझ्या मुलीच्या ८८ गुणांशी त्या सल्ल्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो त्यांच्या वेळापत्रकाचा प्रश्न होता आणि त्यांनी तो आमच्या फॉर्मवर सोडवला.

उपप्राचार्यांना भेटले. फाइल मागवली गेली, फॉर्म निघाला, माझी सही मला दाखवण्यात आली. "आम्ही मार्गदर्शन करतो, सक्ती करत नाही. निवड पालकांची आहे." फार शांत बाई. मी विचारलं, शिक्षक नाही हे त्या दिवशी का सांगितलं नाही? "तसं काही नव्हतं." मग दिवाळीपर्यंत वर्ग कोण घेत होतं? त्यावर त्यांना मीटिंग आठवली.

तर आता ज्यांची मुलं दहावीत आहेत त्यांच्यासाठी. मी कुणी करिअर कौन्सेलर नाही, पण त्या फॉर्मनं जे शिकवलं ते कॉलेजच्या समुपदेशन सत्रात कुणी शिकवलं नव्हतं.

विषय निवडायचा तो उलट्या बाजूनं. आधी मुलाच्या मनात असलेल्या पदवीचं माहितीपत्रक काढा, एका नव्हे तीन-चार कॉलेजांचं, आणि त्यातला पात्रतेचा परिच्छेद वाचा. त्या विषयांची यादी हातात घेऊन मगच अकरावीच्या रांगेत उभे राहा. नावावर जाऊ नका. बारावीचं आयटी हे कॉमर्सच्या विषयांच्या जागी येत नाही, ते दुसऱ्या भाषेच्या जागी येतं. मराठी-हिंदीऐवजी आयटी, एवढंच त्याचं स्थान. मॅथ्सची जागा ते भरून काढत नाही. हे वाक्य कॉलेजच्या भिंतीवर लिहायला हवं, पण भिंती फ्लेक्सनं भरलेल्या असतात.

"कॉमर्सला मॅथ्स कशाला" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की तुम्ही ते पुस्तक उघडून पाहिलंय का. बालभारतीचे दोन भाग आहेत. पहिल्यात मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आहे, हे मान्य. पण दुसरा भाग कमिशन, दलाली, विमा, अॅन्युइटी, निर्देशांक, रिग्रेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग यांचा आहे. हे सगळं मी रोज पतसंस्थेत बघते. दहावीला ८८ मिळवणाऱ्या मुलीला याची भीती घालायची गरज नव्हती. आणि हे सायन्सच्या मॅथ्सपेक्षा वेगळं पुस्तक आहे; ज्यांचं सायन्सवाल्या भाच्याकडून ऐकून धाबं दणाणलंय त्यांनी हे लक्षात घ्यावं.

सीए करायचं असेल तर मॅथ्स नसलं तरी अडत नाही, असंही सांगतात. प्रवेशापुरतं खरं आहे. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी तिसरा क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा, १०० गुणांचा. त्यात बिझनेस मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स असतंच. बारावीला सोडलेलं गणित तिथे दत्त म्हणून उभं राहतं. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स हवं असेल तर सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅटला बारावीला गणित आणि इंग्रजी दोन्ही हवीत. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला एनडीएतून हवाई दलात जायचं होतं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं हे अकरावी कॉमर्स संपल्यावर कळलं. लष्कराच्या शाखेला ती अट नाही, म्हणून घरच्यांनी सगळ्याच दलांना नाही असं धरलं होतं.

सायन्सचं मी कमी जाणते, पण बायफोकलबद्दल दोन शब्द. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स, २०० गुणांचा विषय. त्याला मागणी आहे आणि चांगल्या कॉलेजात त्यासाठी चढाओढही असते. पण हे २०० गुण कुठून येतात ते बघा. दुसरी भाषा जाते आणि आणखी एक विषय जातो, बहुतेक ठिकाणी बायोलॉजी. माझ्या सहकाऱ्याच्या मुलीनं इंजिनिअरिंग पक्कं म्हणून बायो सोडलं आणि बारावीच्या मध्यावर तिला फिजिओथेरपी करावीशी वाटू लागली. सोळाव्या वर्षी पक्कं काय असतं? नीटच्या बाबतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं दार थोडं उघडलं. बारावीनंतर बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण झालात तरी बसता येतं. पण दार उघडं आहे म्हणून मुद्दाम बाहेर जाऊन परत यायचं कारण नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडायच्या असं लिहिलंय. वाचायला छान वाटतं. काउंटरवर मात्र ज्या विषयाला शिक्षक आहे तोच विषय तुमच्या मुलाला "सूट" होतो.

म्हणून कॉलेजला विचारायचेच असतील तर हे प्रश्न विचारा. हा विषय कोण शिकवतं? पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर? मागच्या वर्षी किती मुलांनी घेतला होता? वेळापत्रक दाखवा. "स्कोअरिंग" हा शब्द आला की सावध व्हा. स्कोअर मुलाचा असतो तसाच कॉलेजचाही असतो. सल्ला देणाऱ्याचं नाव आणि तारीख डायरीत लिहून ठेवा. जमलं तर त्याच्या देखत लिहा, सल्ला लगेच बदलतो. रांगेत सही करू नका. फॉर्म घरी नेऊ देत नाहीत, पण फोटो काढायला कोणी अडवू शकत नाही.

विषय बदलायचा तर अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत. साधा अर्ज, दोन प्रती, आवक क्रमांक टाकून घ्यायचा. तोंडी "बघू" म्हणाले की दुसऱ्या दिवशी परत जायचं. बारावीचे परीक्षा अर्ज बोर्डाकडे गेले की कुणी ऐकत नाही. बाकी मुलाचा कल ओळखा, शेजाऱ्यांचं ऐकू नका, शिक्षकांशी बोला वगैरे सगळीकडे छापून येतं, तेही करा.

ज्यांच्या हातून वेळ गेली आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे आणि ती आम्हाला कुणी सांगितली नाही, मीच बोर्डाची परिपत्रकं चाळून काढली. बारावी उत्तीर्ण झाल्यावर एखादाच विषय घेऊन पुन्हा बसता येतं. बोर्डाच्या भाषेत "तुरळक विषय", अर्जात इंग्रजीत आयसोलेटेड म्हणतात. हे श्रेणीसुधारपेक्षा वेगळं आहे. काउंटरवर दोन्हींची सरमिसळ करतात, तेव्हा शब्द नीट उच्चारा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) एकेक विषय करण्याचाही मार्ग आहे, पायलट व्हायला निघालेली मुलं फिजिक्स-मॅथ्ससाठी तिकडे जातात. मात्र काहीही करण्याआधी पदवीच्या कॉलेजाला ईमेल पाठवून विचारा की दोन वेगळ्या गुणपत्रिका चालतील का. उत्तर लेखीच घ्या. आम्ही घेतलं, त्यात तीन आठवडे गेले, पण आता कागद आहे.

लेकीनं तूर्त बी.कॉम.ला प्रवेश घेतलाय. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मॅथ्स. अकरावीचं मॅथ्ससुद्धा झालेलं नसल्यामुळे दोन वर्षांचं पुस्तक एकदम चाललंय. ती मला काही बोलत नाही, उलट मी या विषयावर सुरू झाले की "आई, पुरे" म्हणते. तिला माझ्याइतका राग का येत नाही ते मला कळत नाही.

तुरळक विषयाचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरायचा असतो. आमच्या बाबतीत त्याच कॉलेजमार्फत. तोच काउंटर, तीच मॅडम. या वेळी त्यांनी गुणपत्रिका नीट पाहिली आणि म्हणाल्या, "अरे वा, हुशार आहे की. मॅथ्स का नव्हतं घेतलं?" मी काही बोलले नाही. लेखी पेपर ८० चा आहे. उरलेले २० गुण कॉलेजच्या हातात असतात, म्हणून कॉलेजचं नाव मी इथे लिहिलेलं नाही.