गावाची मोकळी जागा व सांडपाण्याची विल्हेवाट

गावात नळाचे पाणी आले की त्याच्या पाठोपाठ सांडपाण्याचा प्रश्न येतो. विहिरीवरून घागरीने पाणी आणावे लागे, तेव्हा ते जपून वापरले जाई व न्हाणीचे पाणी परसातील चार झाडांखाली जिरून जाई. नळ आल्यावर वापर वाढतो, पाणी गल्लीत येते, गटार बांधावे लागते, आणि ते गटार कोठे सोडावे असा विचार निघाला म्हणजे सर्वांची नजर गावाबाहेरील मोकळ्या जागेकडे वळते. बहुधा ती जागा गायरानाची असते.

मोकळी जागा म्हणजे पडीक जागा नव्हे

गायरान रिकामे दिसते म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. ज्याला स्वतःची जमीन नाही, त्याची शेळी व म्हैस याच जागेवर जगते. पावसाचे पाणी तेथे मुरते व खालच्या विहिरींस पाझर मिळतो. अशा जागेत उघडे गटार सोडल्यास प्रथम डबके होते, मग दलदल होते, व पुढे ती जागा चराईतून कायमची जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणी गावाच्या सामाईक जमिनी राखण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरानासंबंधी निर्णय काढला. म्हणून गायरानाचा वापर बदलावयाचा असेल तर केवळ ग्रामपंचायतीच्या ठरावावर काम सुरू करू नये. महसूल खात्याची रीतसर मंजुरी प्रथम घ्यावी.

तथापि जागा राखावयाची म्हणून सांडपाण्याची सोयच न करणे हाही उपाय नव्हे. ते पाणी थांबत नाही. ते ओढ्यात उतरते व ओढ्याकाठच्या विहिरी नासविते.

आधी हिशेब मांडावा

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. १,००० वस्तीच्या गावास ५५,००० लिटर पाणी लागेल. त्यापैकी ७० टक्के सांडपाणी होते असे धरल्यास रोज सुमारे ३८,५०० लिटर पाण्याची विल्हेवाट लावावी लागेल. हे सर्व पाणी दहा दिवस थोपवून शुद्ध करावयाचे म्हटल्यास दीड मीटर खोलीच्या तळ्यांस अडीच गुंठे पाणपृष्ठ लागेल. बांध, वाट व कुंपण धरून सुमारे पाच गुंठे जागा जाईल. निम्मे पाणी घराशीच जिरविले तर हीच गरज निम्म्यावर येते. म्हणजेच, घराशी जिरणारा प्रत्येक थेंब गायरानाची जागा वाचवितो.

घराशीच जिरविणे

यासाठी परसबाग व शोषखड्डा हे दोन सोपे उपाय आहेत. न्हाणीचे पाणी केळी, कर्दळ यांस द्यावे. उरलेल्या पाण्यासाठी एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घ्यावा. तळाशी नारळाएवढे दगड, मध्ये मुठीएवढे व वर लिंबाएवढे भरावेत. तोंडाशी तळाला भोके पाडलेले मडके गवत घालून बसवावे व ते गवत वरचेवर बदलावे. खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. शौचालयाचे पाणी त्यात कधीही सोडू नये. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावी घरोघर शोषखड्डे घेऊन गल्लीतील सांडपाणी बंद करण्यात आले.

मात्र प्रत्येक जमिनीत पाणी सारखे जिरत नाही. हातभर खोल खड्डा खणून तो एकदा पाण्याने भिजवावा व दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाहावे. पाणी एक इंच उतरण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागल्यास तेथे शोषखड्डा घेऊ नये. भारी काळ्या जमिनीत असा अनुभव पुष्कळदा येतो. परंतु जी माती पाणी जिरू देत नाही, तीच तळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून अशा गावी तळ्याचा मार्ग अधिक सोयीचा पडतो.

उरलेल्या पाण्यासाठी तळे

तळे गावाच्या उताराच्या बाजूस, वस्ती व विहिरी यांपासून दूर, आणि गायरानाच्या मध्यभागी न घेता कडेला घ्यावे, म्हणजे चराईचे क्षेत्र तुटत नाही. एकच मोठे तळे करण्याऐवजी एकातून दुसऱ्यात पाणी जाईल अशी तीन लहान तळी करावीत. मुरमाड जागी तळास चिकणमातीचा थर द्यावा. काठावरील तण काढावे, पाण्यात गप्पी मासे सोडावेत व जनावरे आत जाऊ नयेत म्हणून कुंपण करावे.

शेवटच्या तळ्यातील पाणी हत्तीगवत, बांबू किंवा इमारती लाकडाची झाडे यांस द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस देऊ नये. साबण व सोडा यांमुळे अशा पाण्यात सोडियम असते. तेच पाणी भारी जमिनीस वर्षानुवर्षे दिल्यास ती चोपण होते. यास्तव पाण्याची व मातीची वेळोवेळी परीक्षा करून घ्यावी. गायरानाने जागा दिली, तर त्या पाण्यावरचा चारा गायरानावर चरणाऱ्या जनावरांनाच मिळावा, हे न्याय्य होय.

कोलकात्याचा धडा

मोकळी जागा व सांडपाणी यांचे वैर अटळ नाही, हे एका मोठ्या शहरानेही दाखविले आहे. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत सूर्यप्रकाश व शेवाळ यांच्या योगे निवळते आणि त्यावर मासे, भात व भाजीपाला पिकतो. शहराची वाढ या जागेवर येऊ लागली, तेव्हा १९९२ साली उच्च न्यायालयाने तिला संरक्षण दिले. २००२ साली रामसर यादीत तिचा समावेश झाला व २००६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. जागा मोकळी राहिली म्हणूनच ती शहराच्या उपयोगी पडली.

ग्रामसभेपुढे ठेवावयाची कामे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम घरोघरच्या सांडपाण्याची पाहणी करावी, जमीन तपासावी व मगच उरलेल्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. तळ्यासाठी मागितलेली जागा नकाशावर आखून दाखवावी व उरलेल्या गायरानाची हद्द मोजून दगड रोवावेत. त्या सभेस गायरानावर गुरे चारणाऱ्यांना आवर्जून बोलवावे. गाळ काढणे व कुंपण सांभाळणे कोणाकडे राहील, तेही त्याच सभेत ठरवावे. देखभालीवाचून सोडलेले तळे पाहता पाहता डबके होते. आणि डबके वाढू लागले म्हणजे गायरान आटू लागते.