आधी कुसळं, मग आंघोळ

नगरजवळच्या हिवरे बाजार गावात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे. गुरांना गवत कापून आणून घालायचं, गुरं डोंगरावर सोडायची नाहीत. पावसाळा सरताना उतारावर गवत दाट उभं राहतं ते यामुळेच. नगरकडच्या माळरानांवर कुसळी गवत असतंच, आणि दिवाळीच्या सुमारास त्याची कुसळं पिकतात. अशा गवतातून हुंदडून आलेला गोल्डन रिट्रीवर घरी येतो तो निम्मं रान अंगावर घेऊनच. १८६८ साली स्कॉटलंडात लॉर्ड ट्वीडमथ यांनी ही जात वाढवायला घेतली, ती पडलेले शिकारीचे पक्षी पाण्याझुडपांतून आणण्यासाठी. म्हणून अंगावर दुहेरी केस: वर लांब, आत दाट मऊ लव. कुसळ या लवेत अडकतं.

साहित्य: गोणपाट, लोखंडी दातांचा कंगवा, तारांचा ब्रश, बोथट टोकाचा चिमटा, बॅटरी, कुत्र्याला लालूच म्हणून भाकरीचे चार तुकडे.

पहिली गोष्ट, पाणी लावू नका. कुसळाची शेपटी ओली झाली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा वळते. त्या फिरण्यानं टोक आत घुसत जातं. मागे वळलेल्या बारीक केसांमुळे ते माघारी येत नाही. म्हणून अंग कोरडं असतानाच, उन्हं असताना, कुत्र्याला गोणपाटावर आडवं करा. बोटं केसांच्या उलट दिशेनं फिरवा. टोचेल तिथे केस बाजूला करून कुसळ चिमट्यानं धरा आणि ज्या दिशेनं शिरलं त्याच्या उलट, सरळ ओढा. पाठीवर वेळ घालवू नका. बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, शेपटीखाली आणि कानामागच्या झुपक्यात खरा माल सापडतो. गोचीडही तिथेच भेटेल. कातडीलगत धरून काढा, रॉकेल लावू नका.

मग ब्रश, त्यानंतर कंगवा. गुंता झाला असेल तर टोकाकडून मुळाकडे सोडवत या. कात्री फक्त तळपायाच्या गाद्यांमधल्या केसांना लावा. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून सगळं अंग भादरून आणणारे बरेच भेटतात. तसं करू नका. तेच केस उन्हापासून कातडी वाचवतात.

आता आंघोळ, तीही गरज असेल तरच. हिवरे बाजारसारख्या गावात, जिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, तिथे नळी सोडून कुत्रा धुणं शोभत नाही. बादली-मग पुरतो. नंतर आतली लव पूर्ण वाळवा. ओल राहिली तर कातडीवर चिघळणारे चट्टे उठतात.

कुत्रा सारखा शिंकत असेल, मान एका बाजूला कलती ठेवत असेल, डोळा मिटून घेत असेल किंवा एकच पंजा चाटत बसला असेल, तर कुसळ आत गेलंय असं समजा. कानात काडी घालून कोरू नका. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.