पाणी मचूळ झाले की मासे काय सांगतात?



या अंकातला अभ्यासपाठ रायगडच्या खाडीकाठच्या वाड्यांसाठी आहे. तिथली अनेक कातकरी कुटुंबे तळ्यातल्या मासळीवर दिवस काढतात. काही बचतगटांनी रोहू, कटला, मृगळ यांचे बीजही सोडले आहे. एका रात्रीत मासे मेले तर वर्षाची कमाई जाते आणि डोक्यावर कर्ज राहते.

खार येतो कुठून?

उधाणाच्या भरतीत खारबंदिस्तीला खांड पडते, किंवा उघाडीची झडप नीट बसत नाही. मग खाडीचे पाणी आत शिरते. उन्हाळ्यात तळे आटते. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. पाणी निम्मे उरले तर खारेपणा दुप्पट होतो.

माशाच्या अंगात काय घडते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी. माशाच्या रक्ताचा खारेपणा या दोहोंच्या मधला, समुद्राच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असतो. म्हणून गोड्या पाण्यात मासा पाणी न पिताही कल्ल्यांतून पाणी त्याच्या अंगात शिरते. जादा पाणी तो लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेतो. बाहेरचे पाणी रक्ताहून खारट झाले की सारे उलटते: अंगातले पाणी बाहेर जाऊ लागते. हा तोल राखण्यात मासा थकतो.

जिताडा मात्र खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत जगतो. रोहू-कटल्याला ते जमत नाही. खारेपणा हळूहळू वाढला तर लिटरला ४–५ ग्रॅमपर्यंत ते सोसतात. त्यापुढे खाणे आणि वाढ मंदावते. एकदम वाढलेला खार अधिक घातक. पिल्ले मोठ्या माशांहून नाजूक असतात.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

१. मासे आधी बेचैन होऊन सैरावैरा पोहतात, नंतर सुस्तावतात.
२. टाकलेले खाद्य तसेच राहते.
३. खारे पाणी जड असल्याने तळाशी बसते. त्यामुळे तळाशी चरणारा मृगळ वर दिसू लागतो. जिथे झरा किंवा ओहोळ मिळतो तिथे मासे गोळा होतात.
४. कल्ले जोरात हलतात.

पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर बहुधा रात्रीच्या प्राणवायूची टंचाई आहे. उधाणानंतर हे दिवसभर चालले तर खार तपासावा.

काय करावे?

बीज सोडण्याआधी आणि प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेनंतर टीडीएस मीटरने पाणी मोजावे. वरचे आणि तळाचे, दोन्ही पाणी घ्यावे, नाहीतर वरचे गोडे पाणी फसवते. आकडा वहीत लिहावा. उघाडी आणि बांध उधाणाआधी पाहावेत. बीज आणल्यावर पिशवीत तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून मगच सोडावे.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. मासे मेले की गावात पहिली आरोळी उठते, “कुणीतरी विष टाकले!” आणि बोट बहुतेक वेळा वाडीकडेच वळते. अशा बैठकांना मी बसलो आहे. तिथे गरिबाचा शब्द लवकर कुणी धरत नाही. तारखेनिशी लिहिलेला आकडा मात्र सर्वांसमोर ठेवता येतो.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या तळ्यात खार कोणत्या वाटेने येऊ शकतो?
२. उघाडीवर लक्ष कोण ठेवते?
३. पुढच्या पौर्णिमेनंतर पाणी कोण मोजणार आणि वही कुणाकडे राहणार?