ओव्या आंतरजालावर चढवताना

आंतरजालावर स्वतःचे संकेतस्थळ असणे ही आपल्यातील पुष्कळांना अजूनही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मिरासदारी वाटते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने फार तर मजकूर लिहावा आणि तो जालावर चढवण्याचे काम कोणा जाणकाराकडे सोपवावे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज दूर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू. संकेतस्थळ ही मुळात एक लिहिलेली फाईल असते. ते चढवणे म्हणजे त्या फाईलची एक प्रत दुसऱ्याच्या संगणकावर नेऊन ठेवणे. हे एक वाक्य ज्याला नीट उमगले त्याला पुढच्या पायऱ्या ओघानेच समजतात आणि काम अडले तर कोठे अडले तेही कळते.

उदाहरण म्हणून एक प्रत्यक्ष काम घेतो. यंदा प्रथम वर्षाला आलेल्या एका मैत्रिणीने पूर्णा तालुक्यातील आपल्या आजीकडून जात्यावरच्या १६० ओव्या ऐकून दोन वह्यांत उतरवून घेतल्या. त्या सर्वांना वाचता याव्यात अशी तिची इच्छा होती. संकेतस्थळ मात्र तिने कधी केलेले नव्हते. मी मराठी विषयाचा तृतीय वर्षाचा विद्यार्थी. थोडेफार शिकून घेतलेले होते, त्या भांडवलावर तिला मदत केली. या कामाच्या पायऱ्या येथे क्रमाने मांडतो.

ओव्याच का, असे कोणी विचारील. आपला जिल्हा जनाबाईंचा. गंगाखेडच्या या संत कवयित्रीबरोबर दळायला खुद्द विठ्ठल बसत असे, अशी परंपरेची श्रद्धा आहे. परंतु दळण गिरणीवर जाऊ लागले आणि जात्याबरोबर ओवीही मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्याही ओव्या आहेत. ताडकळसचा आवाज जगाला ऐकू जाऊ शकतो, तर शेजारच्या गावचा का जाऊ नये?

लिपी : चित्र की अक्षर?

पहिली अडचण लिपीची आली. मैत्रिणीने वह्यांतील मजकूर एका टंकलेखन केंद्रातून टाइप करून आणला होता. तेथील पडद्यावर तो सुरेख दिसत होता. तीच फाईल मोबाईलवर उघडली तेव्हा रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. फाईल बिघडली म्हणून तिला रडू यायचे बाकी राहिले. फाईल बिघडलेली नव्हती. टंकाची, म्हणजे फॉन्टची पद्धत जुनी होती.

जुन्या पद्धतीच्या टंकांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. आत रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवलेले असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. तो टंक ज्या संगणकावर नाही तेथे मुखवटा गळून पडतो आणि आतले रोमन अक्षर दिसते. आपली प्रत दुसऱ्याच्या संगणकावर जाणार आणि तिसऱ्याच्या मोबाईलवर उघडणार, हे एकदा लक्षात घेतले की असा मुखवटा कामाचा नाही हे पटते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातील लिप्यांच्या प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक देणारी ही व्यवस्था १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखून ठेवलेला आहे. भारताने १९८८ मध्ये ठरवलेल्या 'इस्की' या प्रमाण संकेतांच्या मांडणीवर हा गट आधारलेला आहे. युनिकोडमधील 'क' हा कोणत्याही टंकात, कोणत्याही देशात 'क'च राहतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात; मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचेही असेच स्थानांतर होते. त्यामुळे बदल करताना वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. शिवाय मराठीचे स्वतःचे म्हणून एक दुखणे आहे. 'आचाऱ्यांना बोलावले' आणि 'आचार्यांना बोलावले' यांत स्वयंपाकघर आणि गुरुकुल इतके अंतर आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे, तो येथे उपयोगी पडतो. आम्ही १६० ओव्या एकेक करून वहीशी ताडून पाहिल्या. मैत्रीण फोनवरून वाचून दाखवी आणि आजी पलीकडून दुरुस्ती सांगत. ओवी आजींना मुखोद्गत. वेलांटी कोठे घसरली हे त्यांना वाचता न येताही कानाने कळत होते. यापेक्षा चांगले मुद्रितशोधन मी तरी पाहिलेले नाही.

फाईल : लिहायची कशी?

पानाची फाईल एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. मराठीच्या विद्यार्थ्याने तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. हस्तलिखित छापखान्यात देताना 'येथे शीर्षक', 'येथे नवा परिच्छेद' अशा सूचना समासात लिहीत असत. त्याच सूचना येथे कोनी कंसांत लिहायच्या. परिच्छेदासाठी कंसात 'पी' हे रोमन अक्षर, मुख्य शीर्षकासाठी 'एच' आणि १ हा आकडा. जेथे सूचना संपते तेथे तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा लिहायची. अशा दहा-बारा खुणांत ओव्यांचे संपूर्ण पान बसते. लिहिण्यासाठी संगणकातील नोटपॅड पुरे.

तीन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. पहिली, फाईल जतन करताना संकेतन 'यूटीएफ-८' निवडावे आणि पानाच्या माथ्यावर तसे नोंदवावे. नाहीतर वाचणाऱ्याचा ब्राउझर अंदाजाने वाचतो आणि अंदाज चुकू शकतो. दुसरी, पानाची भाषा मराठी आहे हे 'एमआर' या दोन रोमन अक्षरांनी सांगावे. लिपी एक असली तरी 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे. ज्या टंकांत दोन्ही वळणे असतात त्यांना ही सूचना उपयोगी पडते. तिसरी गोष्ट नावांची. पहिल्या पानाच्या फाईलीचे नाव 'इंडेक्स' ठेवण्याचा रिवाज आहे, कारण पाहुणा नुसता पत्ता टाकून आला तर सर्व्हर आधी त्याच नावाची फाईल शोधतो. इतर फाईलींना रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता नावे द्यावीत. बहुतेक सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालतात आणि त्यांना मोठे 'ए' आणि लहान 'ए' ही दोन वेगळी अक्षरे वाटतात. आपल्या घरच्या विंडोज संगणकाला तो भेद जाणवत नाही. त्यामुळे घरी दिसणारे छायाचित्र जालावर दिसेनासे होते आणि नवखा माणूस बुचकळ्यात पडतो.

आकाराचीही चिंता नको. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका खुणेला ३ बाइट लागतात. एका ओवीत शंभर खुणा धरल्या तरी १६० ओव्या मिळून ४८,००० बाइट होतात, म्हणजे ५० किलोबाइटही नाहीत. मोबाईलने काढलेला एकच फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेव्हा फोटो लहान करून घालावेत. खेड्यातील मंद जोडणीवर शब्द ताबडतोब पोहोचतात, फोटो वाटेत रेंगाळतो.

चढवणे

आता प्रत नेऊन ठेवायची. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : जागा आणि पत्ता. जागा म्हणजे अहोरात्र चालू असणारा, जालाशी जोडलेला संगणक. यालाच सर्व्हर म्हणतात. तो भाड्याने मिळतो. साध्या पानांसाठी गिटहब पेजेस किंवा निओसिटीज यांसारख्या सेवा जागा फुकटही देतात आणि पत्त्यात स्वतःचे नाव जोडतात. स्वतंत्र पत्ता हवा असेल तर तो वर्षाच्या बोलीवर घ्यावा लागतो आणि नूतनीकरण चुकले की हातचा जातो. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ताही घेता येतो. पहिल्या कामासाठी फुकट जागा पुरेशी आहे.

भाड्याच्या जागेवर फाईली नेण्याची जुनी रीत म्हणजे एफटीपी. १९७१ मध्ये तिचा पहिला आराखडा लिहिला तो अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत शिकत होते. आज तिचे सुरक्षित रूप वापरावे, कारण मूळ रीतीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. आम्ही फुकट सेवा निवडली असल्याने तेवढेही करावे लागले नाही. खाते उघडले, ब्राउझरमधूनच फाईली त्या खात्यात टाकल्या, आणि पान प्रसिद्ध करण्याची सूचना दिली. काही मिनिटांत पत्ता चालू झाला.

कळ दाबण्याचे काम मी मुद्दाम मैत्रिणीकडेच ठेवले. मदत करणाऱ्याने माउस आपल्या हातात घेतला की शिकणारा प्रेक्षक होतो, आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा आपल्याकडेच यावे लागते. खाते तिच्या नावाचे, परवलीचा शब्द तिलाच ठाऊक. मी शेजारी बसून केवळ विचारलेले सांगत होतो. यात तीन संध्याकाळी गेल्या. मी एकट्याने एका संध्याकाळीत केले असते, पण ते संकेतस्थळ तिचे झाले नसते.

चढवल्यावर तपासणी दुसऱ्याच्या मोबाईलवर करावी. पानात छायाचित्राचा दुवा 'सी ड्राइव्ह'वरच्या जागेचा दिलेला असेल, तर तो फक्त आपल्याच संगणकावर चालेल. जगाला आपल्या घरातील कपाट कसे दिसणार? फोटो आणि पाने एकाच फोल्डरमध्ये ठेवून नुसत्या फाईलनावाने दुवा दिला की प्रश्न मिटतो. दुरुस्ती करूनही जुनेच पान दिसत असेल, तर ब्राउझरने जवळ ठेवलेली प्रत तो दाखवत आहे असे समजावे आणि पान पुन्हा मागवावे.

परवानगी आणि प्रत

तंत्र येथे संपते. जबाबदारी मात्र येथून सुरू होते. ओवी परंपरेची असली तरी गाणारी बाई परंपरेत विरून जाऊ नये. आजींना विचारले, तेव्हा आपले नाव घालावे, पण आपल्याबरोबर जात्यावर बसणाऱ्या दोन जावांचीही नावे घालावीत, असे त्यांनी सांगितले. तशी घातली. लेकीच्या सासरचे दुःख सांगणाऱ्या काही ओव्या मात्र घरच्या आहेत, त्या बाहेर नकोत, असेही त्या म्हणाल्या. अशा नऊ ओव्या आम्ही काढून ठेवल्या. संकेतस्थळावर १५१ आहेत. वहीतले पान घरात राहते, जालावरचे पान कोठेही जाते आणि एकदा गेलेले परत बोलावता येईलच असे नाही. म्हणून विचारायचे ते चढवण्यापूर्वी विचारावे. फोन क्रमांक आणि घराचा पत्ता तर घालूच नये.

शेवटचा मुद्दा प्रतीचा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या हौशी माणसांनी आपली पहिली पाने चढवली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये याहू कंपनीने अमेरिकेतील ती सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवली तेवढी पाने वाचली. सामान्यांचे कशाला, ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली यांनी ज्या पहिल्या संकेतस्थळाचा पत्ता जाहीर केला, त्याची सुरुवातीची पानेसुद्धा जशीच्या तशी जपली गेली नाहीत. ज्या सर्न संस्थेत त्याचा जन्म झाला, तिने २०१३ मध्ये १९९२ सालची एक प्रत शोधून मूळ पत्त्यावर ठेवली. दुसऱ्याच्या संगणकावर ठेवलेली वस्तू ही शेवटी दुसऱ्याच्या दारची. मैत्रिणीने म्हणून संपूर्ण फोल्डरची एक प्रत घरच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर ठेवली आहे. आणि दोन वह्या आजींच्या पेटीत आहेत त्या वेगळ्याच.

विद्यार्थी मित्रहो, असे काम प्रत्येकाच्या गावात पडलेले आहे. जिंतूर तालुक्यातील मित्रांपुढे चारठाण्याची प्राचीन मंदिरे आहेत. आपल्या जिल्ह्यात जन्मलेले बी. रघुनाथ १९५३ मध्ये निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो या नियमाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांना खुले आहे. कोणी ते युनिकोडमध्ये टाइप करून काळजीपूर्वक तपासले, तर मराठी विभागाचेही मोठे काम होईल. ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी एक वही, एक तास आणि आपला स्वतःचा परवलीचा शब्द घेऊन यावे. मी शेजारी बसेन. कळ मात्र तुम्हीच दाबायची.