काउंटरवरचा लिनक्स पीसी मधेच झोपतो? की रात्रभर जागाच राहतो?

लायसन्सचा खर्च वाचवायला तुमच्यापैकी बरेच जण बिलिंगसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट वापरता. आज त्यातली एक नेहमीची अडचण सोडवू.

समजा, दुकानात दोन काउंटर आहेत. प्रिंटर पहिल्या पीसीला जोडलाय आणि नेटवर्कवरून दुसऱ्याला शेअर केलाय. दुपारी पहिल्या काउंटरवर कुणी नसतं. थोड्या वेळाने तो पीसी झोपतो आणि दुसरीकडे गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळतं. असं का होतं? कारण डेस्कटॉपच्या लेखी ‘रिकामा’ म्हणजे कीबोर्ड-माउसला हात न लागलेला. नेटवर्कवरून काम चालू आहे, हे तो सहसा धरतच नाही.

आधी नेमकं काय होतंय ते ओळखा. माउस हलवताच चित्र आलं, तर फक्त स्क्रीन बंद झाली होती. पीसीचा पंखाही थांबला असेल आणि जागं करायला बटण दाबावं लागत असेल, तर तो सस्पेंड झाला होता. दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या असतात.

मधेच झोपत असेल तर: उबुंटूत सेटिंग्ज, मग पॉवर, तिथे ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ बंद करा. मिंटमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडून सस्पेंडची वेळ ‘नेव्हर’ ठेवा. स्क्रीन मात्र बंद होऊ द्या, त्याने काम अडत नाही.

तरी झोपतोय? मग बघा, जाताना कुणी लॉगआउट करतं का. उबुंटूच्या लॉगिन स्क्रीनची पॉवर सेटिंग वेगळी असते, तुमची तिथे लागू होत नाही. म्हणून लॉगआउट नको, सुपर आणि एल दाबून लॉक करा.

झोपतच नसेल तर: आधी ब्राउझर बघा. व्हिडिओ चालू असला की तो पीसीला झोपू देत नाही. तरी कारण सापडलं नाही, तर टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट’ ही कमांड इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या. ज्या ओळीत ‘स्लीप’ किंवा ‘आयडल’ आणि शेवटी ‘ब्लॉक’ असेल, तिथे अडवणाऱ्या प्रोग्रामचं नाव मिळतं. ‘डिले’वाल्या ओळी सोडून द्या, त्या झोप फक्त काही सेकंद लांबवतात.

आता हिशोब करा. पीसी 60 वॅट घेत असेल आणि रात्री 12 तास उगाच चालू राहिला, तर रोज 0.72 युनिट, म्हणजे महिन्याला साधारण 22 युनिट जातात. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा.

म्हणून नियम एकच: ज्या पीसीवर दुसऱ्याचं काम अवलंबून आहे, त्याची झोप बंद ठेवा आणि दुकान बंद करताना तो स्वतः शटडाउन करा. बाकीचे पीसी खुशाल झोपू द्या.

आज दुकान बंद करण्याआधी प्रत्येक पीसीवर चिठ्ठी लावा: ‘झोपू द्यायचा’ की ‘जागा ठेवायचा’. स्टाफला वेगळं समजवावं लागणार नाही.